देवाची शीव

फार पूर्वी डोंगरात एक गाव होतं आणि त्या गावाचा एक देव होता. फक्त आमचाच, असं गावकरी छातीठोकपणे सांगत. तो दुसरीकडे जाऊ नये म्हणून जत्रेच्या दिवशी देवळाचा गुरव गावाच्या शिवेभोवती सुताचा दोरा बांधी. दिवस मावळेपर्यंत दोरा कुणी ओलांडायचा नाही. तुटला, तर देव गेला. जसं काही देव म्हणजे दावं तोडून पळणारं वासरूच!

नदीपलीकडच्या गावात मूर्ती नव्हती. तिथले लोक उघड्या माळावर उभे राहून आभाळाला हात जोडत. गुरवाच्या लेकीने त्याच गावातला नवरा केला, तेव्हा गावाने तिला बजावलं होतं की आता आमचा देव तुझा नाही.

एका जत्रेच्या दिवशी ती शिवेवर येऊन बसली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून निघाली होती, पण कळा वाटेतच सुरू झाल्या. गावकरी म्हणाले, दिवस मावळेपर्यंत तिला तिथेच थांबू दे. गुरवाने देवळाकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"बाबा, मी बसते इथेच," लेक कशीबशी म्हणाली.

गुरवाने दोरा तोडला.

देवळाच्या ओसरीवर नात जन्मली. तिचं रडणं ऐकूनही कुणी हसलं नाही. देव गेला, आता गुरंढोरं कोण राखणार, म्हणून सारे गाभाऱ्यापुढे जमले आणि कौल लावायचं ठरलं. मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

"देवा, आहेस ना?" गुरवाने विचारलं. उजवी पडली. लोकांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात एक म्हातारी, जिला गप्प बसणं कधी जमलं नव्हतं, म्हणाली, "आता पलीकडचंही विचार की."

गुरवाने पुन्हा पाकळ्या लावल्या. "देवा, नदीपलीकडे, त्या माळावरही तूच आहेस का?"

प्रश्न पुरता व्हायच्या आत उजवी पाकळी पडली. इतकी वर्षं आपण ज्याला सुताने बांधत होतो तो केवढा आहे, या विचाराने सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

पुढच्या जत्रेत तो म्हणाला, "दोरा बांधू. पण देव जिथवर आहे, तिथवर."

दोरा शीव सोडून नदी उतरला, माळावर गेला. माळावरच्या लोकांनी त्याला आपलं सूत जोडलं, पुढच्या गावाने आपलं. चालणारे थकले, गावोगावचं सूत संपलं. देवाची शीव काही आली नाही.

तात्पर्य: देवाला आपला म्हणावं, पण आपल्यापुरता समजू नये, त्याची शीव गाठेल एवढं सूत कुणापाशीच नाही.