पागोळीचा मालक

पागोळी म्हणजे छपराच्या कडेवरून ओघळणारी पावसाच्या पाण्याची धार. कोकणात तिच्याखाली रांजण ठेवण्याची रीत आहे. भागीरथीने सारा कुंभारवाडा पालथा घालून एक डौलदार रांजण निवडला आणि त्यावर गेरू-चुन्याने मोर रंगवले. तो इतका देखणा उतरला, की गावचे खोत विसाजीपंत दोन गडी घेऊन तिच्या दारात येऊन उभे राहिले.

"भागीरथे, या गावात आभाळातून पडतं ते पाणी आमचं. तेव्हा ते ज्यात साठलं तो रांजणही आमचाच. उचला रे!"

पदर सावरून भागीरथी म्हणाली, "न्या की, पंत! फक्त परवा तुमच्याच पाण्याने माझ्या गोठ्याची भिंत लोळवली, तेवढी आधी उभारून द्या."

कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "आणि माझं छप्पर हो, पंत!"

आळीभरातून हाका येऊ लागल्या, तसे पंत घाईने म्हणाले, "छे, छे! पाऊस देवाचा!" आणि रिकाम्या हातांनी परतले.

पंतांनी प्रसन्न होऊन भिंत बांधून दिली, असे हल्ली सांगतात. ते चूक आहे. भिंत भागीरथीनेच उभारली; पंतांनी फक्त पावसाळा सरेपर्यंत त्या आळीत पाऊल टाकले नाही.