शेवटच्या माणसामागची घंटा

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. पौषात तिथे अशी थंडी पडे, की माणसे गोधडीतून नाकसुद्धा बाहेर काढत नसत. म्हणून गावाने एक गमतीची प्रथा पाडली होती. पौषातल्या एका सकाळी लहानथोरांनी जंगलातल्या पायवाटेने डोंगरमाथ्यापर्यंत पळायचे. वर शेकोटी, गरम हुरडा आणि गूळ. पहिला कोण आला, हे कुणी विचारतही नसे.

नियम एकच, पण कडक. त्या वर्षीच्या यजमानाने कमरेला घंटा बांधून सगळ्यांच्या मागे राहायचे. धुक्यात वाट दिसत नसे. मागून घंटा वाजत असली की शेवटच्याला धीर येई.

एका वर्षी यजमानपण आले गावच्या तरुण पैलवानाकडे. आणि सगळ्यांत शेवटी होता, नेहमीप्रमाणे, पोट सांभाळत पळणारा हलवाई. चार पावले पळे आणि झाडाला टेकून दम खाई.

पैलवान कंटाळला. पुढे शेजारगावचे पाहुणे होते. 'मी यांच्यामागे रांगतोय हे लोकांनी पाहिलं, तर काय म्हणतील?' त्याने घंटेत फडके कोंबले, आडवाटेने सुसाट निघाला आणि सर्वांच्या आधी माथ्यावर पोहोचला. पाहुण्यांनी वाहवा केली. गडी फुलून गेला.

शेकोटी रंगली. हुरडा संपत आला, तरी हलवायाचा पत्ता नव्हता.

"बसले असतील पायथ्याशी जिलेब्या तळत!" पैलवान म्हणाला. सगळे खो खो हसले.

हलवायाची बायको मात्र हसली नाही. तिने पैलवानाच्या कमरेकडे बोट दाखवले. "घंटा इथं आहे, मग त्यांच्या मागं कोण आहे?"

हसणे जागच्या जागी थांबले. पैलवानाने मान खाली घातली आणि तो धावत उतरू लागला.

अर्ध्या वाटेवर, उंबराखाली, हलवाई उभा होता. ओठ निळे पडलेले, दात वाजत होते, आणि बसलेल्या घशाने तो खालच्या दिशेला हाका मारत होता, "पैलवान! ए पैलवान!"

"काका, मी इकडे आहे," पैलवान कसाबसा म्हणाला.

"आलास रे बाबा! घंटा ऐकू येईना. म्हटलं, पोरगं धुक्यात वाट चुकलं. तुला मागे टाकून वर कसा जाऊ?" हलवायाने स्वतःची घोंगडी काढली आणि पैलवानाच्या खांद्यावर टाकली. मग त्याचा हात पैलवानाच्या दंडाला लागला. दंड शेकोटीच्या उबेने गरम होता. तोंडाला हुरड्याचा वास येत होता.

हलवायाने हात मागे घेतला. मग म्हणाला, "सुखरूप आहेस ना, मग झालं."

त्याने दोन थोबाडीत मारल्या असत्या, तर पैलवानाला बरे वाटले असते. त्याने घोंगडी परत हलवायाच्या अंगावर घातली, घंटेतले फडके काढून फेकले आणि त्याच्यामागे एकेक पाऊल टाकत वर चढला. माथ्यावर पोहोचल्यावर, आपण काय केले ते त्याने सर्वांसमोर सांगितले. हलवायाने शेकोटीशी जागा करून त्याला हाक मारली, "ये की, थंडी वाजेल." पण पैलवानाला त्या उबेत बसवेना. तो लांब, धुक्यातच उभा राहिला.

तात्पर्य: ज्याच्या भरवशावर माणसे मागे राहतात, त्याने पुढे पोहोचण्याचा मान मिरवू नये.