कूस बदलणारा डोंगर

एक होता राजा. त्याच्या राज्याच्या पार शेवटच्या टोकाला एक डोंगर होता. त्या डोंगराच्या पलीकडे कुणाचंच राज्य नव्हतं, नुसतं रान. एक दिवस राजानं दवंडी पिटवली, "त्या डोंगराच्या पोटात तांबं आहे. जो तिथं जाऊन राहील आणि ते खणून काढील, त्याला पायथ्याची जमीन मिळेल. पोराबाळांपर्यंत!"

आता ज्याला घर आहे तो कशाला जातोय रानात? पण ज्यांच्याकडे काहीच नव्हतं अशी सात बिऱ्हाडं निघाली. त्यात होती यमना. तिचा नवरा म्हसू, विहिरी खणणारा. आणि पाठीला बांधलेली तान्ही पोर, चिंगी.

वीस दिवस चालले बरं का. पोचले तर काय, पाणी कोसभर लांब, तेही कडू. संध्याकाळ झाली की वाघाची डरकाळी. पण लोक चिवट. कुडाची खोपटी घातली, आणि सातही बाप्ये खाणीत उतरले. खाणीचं तोंड एवढंसं, विहिरीसारखं खोल. एका वेळी एकच माणूस दोरानं खाली जायचा, एकच वर यायचा. दोर ओढायच्या बायका.

म्हसू खाली गेला की यमनाचं सगळं लक्ष दोराकडं. तो वर आला की मगच तिच्या घशाखाली घास उतरायचा.

मग राजाचा नाईक आला. हातात काठी, कपाळाला आठ्या. त्यानं तिथंच मुक्काम ठोकला. म्हणाला, "पौर्णिमेपर्यंत शंभर टोपल्या तांब्याचा दगड हवा. नाहीतर जमिनी परत!" मग काय, माणसं पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत खालीच राहायला लागली.

एक दिवस यमनानं पाहिलं, डोंगरातली साळिंदरं पिल्लांना घेऊन भराभर खाली चालली आहेत. तिनं म्हसूला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, आमच्या घणाला भ्याली असतील."

दुसऱ्या दिवशी चुलीजवळच्या घागरीतलं पाणी आपोआप थरथरलं. कुणी हात लावला नव्हता, वारासुद्धा नव्हता. यमना म्हणाली, "अहो, आजच्या दिवस नका जाऊ." म्हसूनं घण खांद्यावर घेतला. मग हळूच म्हणाला, "वीस टोपल्या राहिल्यात गं. चिंगीला जमीन नको का?" आणि गेला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी यमना चिंगीला पाठीशी बांधून खाणीच्या तोंडाशी बसली होती. काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं भुईला कान लावला. तर आतून आवाज आला. जाडाभरडा, पेंगुळलेला.

"बाई गं, सगळं अंग ठणकतंय. किती वर्षं या एकाच कुशीवर पडलोय. आता वळतो."

यमनानं कान आणखी घट्ट दाबला. डोंगर बोलत होता! ती म्हणाली, "बाबा, थांब! तुझ्या पोटात सात माणसं आहेत!"

"झोप आली की मी वळत नाही," डोंगर म्हणाला. "पण झोपच येत नाही ना!"

यमनानं ओरडून बायकांना बोलावलं. "दोर ओढा! सगळ्यांना वर काढा!" नाईक आडवा आला. "काम थांबलं तर जमिनी गेल्या, सांगून ठेवतो."

यमना म्हणाली, "जाऊ द्या. माणसं वर येऊ द्या आधी."

आणि तिनं भुईला तोंड लावलं. चिंगीला म्हणायची तसं म्हणायला लागली,

"नीज डोंगरा, नीज रे राजा,
रानामधला वारा निजला,
कड्यावरला पारवा निजला,
तूच कसा रे जागा?"

डोंगरानं मोठ्ठी जांभई दिली. खाणीच्या तोंडातून गार वारा आला. बायकांनी दोर ओढला. एक माणूस वर आला. मग दुसरा. मग तिसरा. यमना गातच होती. उन्हानं घसा कोरडा पडला. चौथा आला, पाचवा आला. सहावा आला आणि तिचा आवाजच बसला. नुसते ओठ हलायला लागले.

डोंगर चाळवला. धाडकन एक दगड खाली गेला. आणि खाली म्हसू एकटा!

तेव्हा दोर ओढणाऱ्या बायकांनीच अंगाई उचलली, ओढता ओढता. "नीज डोंगरा, नीज रे राजा..." पण दोर हलेना. म्हसूचा पाय दगडात अडकला होता. नाईक बघत होता. त्यानं एकदा आभाळाकडं पाहिलं, काठी दिली फेकून, आणि दोराला हात घातला. "ओढा गं पोरींनो!"

आला! पाय मोडलेला, तोंड धुळीनं पांढरंफटक, पण म्हसू वर आला. सगळे धावत सुटले. आणि मागं डोंगर वळला. असा गडगडाट, की सगळ्यांनी डोळे मिटून घेतले.

धूळ बसली. बघतात तर खाण गायब. डोंगर निवांत घोरत होता, आणि जी कूस इतकी वर्षं खाली दबलेली होती ती उन्हात आली होती. तिच्यावर तांब्याच्या हिरव्या रेघाच रेघा! आणि कुशीतून गोड पाण्याचा झरा वाहत होता.

नाईकानं राजाला घडलं तसं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. राजानं जमिनी दिल्या, आणि त्यांची सनद त्याच तांब्याच्या पत्र्यावर कोरून दिली. म्हसू जन्मभर लंगडत चालला. पण पुन्हा कुणी डोंगराच्या पोटात शिरलं नाही. वरवरचं लागेल तेवढं काढायचे, झऱ्याकाठी ज्वारी पिकवायचे. यमनाचा घास मग कधी घशात अडकला नाही.

त्यांची पोरंबाळं तिथं अजून पोटभर जेवून सुखानं झोपतात. तुम्हीपण झोपा बघू. ए, पाय आत घे पांघरुणात. मिटा डोळे.