संपलेला सेल

“मग तुम्हीच सांगा ना चाचा, यातला कुठला ड्रायव्हर बसवू?”

मृदुला खासनीसने तिसऱ्यांदा विचारलं. लतीफचाचांनी तिसऱ्यांदा नुसतीच मान हलवली.

टेबलावर तिने तीन चकत्या मांडल्या होत्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या. ड्रायव्हर म्हणजे टॉर्चमध्ये सेल आणि एलईडी यांच्या मधे बसणारं सर्किट. किती करंट सोडायचा, ते ठरवणारं. एक व्होल्टेज चढवणारं, एक उतरवणारं, एक करंट नुसता बांधून ठेवणारं.

ती पुण्याची इंजिनीअर. कड्याकपारीत अडकलेल्यांना सोडवणाऱ्या पथकांसाठी स्वतःच्या हातानं टॉर्च बनवायची. तिच्या टॉर्चला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. तिनंही कधी कुणाला तशी संधी दिली नव्हती.

आणि आता ती राजूरच्या बाजारपेठेत, एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यापुढे स्टुलावर बसली होती. कारण सोमा भांगरे.

सोमा तिच्या टॉर्च वापरणाऱ्या एका पथकाचा वाटाड्या. मार्गशीर्षात एका रात्री घळीत एक पर्यटक हरवला, तेव्हा सोमा सगळ्यांत पुढे उतरला. हातात तिचीच टॉर्च. कड्याच्या अरुंद पट्टीवरून झपाझप चालला होता. लख्ख उजेड... आणि एकदम काहीच नाही. एक पाऊल उचललेलं होतं, ते खाली पडलंच. पंधरा फूट. पाय दोन ठिकाणी मोडला.

सोमाने तक्रार केली नाही. काठी टेकत आला, टॉर्च परत दिली. “ताई, उजेड लई झ्याक आहे. पण आता मी पहिल्यासारखी लतीफचाचाचीच बॅटरी नेणार.”

तेवढंच. ते तिला महिनाभर टोचत होतं.

“मी सर्किट दहा वेळा तपासलं,” ती म्हणाली. “काही बिघडलेलं नाही. चूक सापडली असती तर बरं झालं असतं.”

चाचांनी तिची टॉर्च उघडली. भिंगाखाली धरली.

“सोल्डरचा टाका फार साफ मारलाय तुम्ही,” ते म्हणाले. मनापासून म्हणाले.

मग खणातून एक सेल काढला, तिच्या टॉर्चमध्ये घातला, झाकण फिरवलं आणि टॉर्च तिच्या हातात दिली.

“मागच्या खोलीत तांब्याच्या तारेचं रीळ आहे. तेवढं आणता?”

मागच्या खोलीला खिडकी नव्हती. जुने रेडिओ, कर्णे, मोडके पंखे, सगळं दाटीवाटीने रचलेलं. तिच्या टॉर्चने अख्खी खोली उजळली. तिला जरा बरं वाटलं. ती भराभर आत गेली, वळली...

काळोख.

टॉर्च थोपटली. बटण दाबलं. काही नाही.

“चाचा!”



ती चाचपडत निघाली. कशाच्या तरी लोखंडी कोपऱ्यावर नडगी आपटली. बाहेर आली ती रीळ न घेताच, लाल होऊन.

“सेल संपत आलेला होता! सांगायचं ना मला!”

“मला वाटलं, ही सांगेल.” चाचांनी टॉर्चकडे बोट केलं.

मृदुलाने टॉर्च टेबलावर ठेवली.

“सेल संपत आलाय हे तिला ठाऊक असतं?” चाचांनी विचारलं.

“असतं. सर्किट सारखं मोजत असतं. म्हणूनच तर उजेड शेवटपर्यंत एकसारखा ठेवता येतो.”

“हं...”

ती विचारात पडली. मग एकदम सावरून बसली. “प्रोग्राम बदलते. बंद व्हायच्या आधी पाच मिनिटं लुकलुकेल. माणूस सावध होईल.”

“करा की. चांगलं आहे.”

“मग झालं?”

“आणि लुकलुकून झाल्यावर?”

“मग... बंद.”

चाचांनी तिच्या टॉर्चमधला तोच सेल काढला. शेल्फावरून स्वतः बनवलेली एक बॅटरी घेतली, ॲल्युमिनियमची, हातानं ठोकलेली. आत ड्रायव्हर कसला, एक रेझिस्टर होता. सेल तिच्यात घातला.

उजेड पडला. मलूल. पण दुकानाच्या कोपऱ्यातली जाळी दिसावी एवढा.

“हा संपला होता ना?”

“संपला नव्हता,” ती घाईनं म्हणाली. “पण त्याखाली ओढला तर सेल कायमचा जातो. परत चार्ज करणंही धोक्याचं. म्हणून सर्किट वेळेत तोडतं. वाचवतं.”

“कोणाला?”

“सेलला.”

बोलून झाल्यावर ते वाक्य तिला स्वतःलाच परकं वाटलं. बरोबर होतं. प्रत्येक पुस्तकात हेच होतं. तरी सोमाचा पाय तिला त्यात कुठे बसवता येईना.

बाहेर कुणीतरी म्हशींना हाकलत नेत होतं. चाचा आपल्या बॅटरीचा उजेड हळूहळू उतरताना बघत बसले.

“म्हणजे... तोडणारा भाग काढूनच टाकू?” तिचा आवाज खाली आला होता. “चाचा, तसं केलं तर सेल मरतील. एकेका फेरीला एकेक मरेल.”

चाचा वाकले. टेबलाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढून काढला, झाकण उघडलं.

डबा सेलांनी भरलेला होता. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी. अंगावर कागदाचा कपटा, त्यावर पेनानं नाव. तिने एकेक उचलून वाचलं. हिरामण. काशिनाथ. ठकूबाई. सोमा. पुन्हा सोमा.

“हे सगळे सेल मेलेले?”

“सगळे.”

“कशाने?”

चाचांनी तिच्या हातातला सेल घेतला, अलगद डब्यात परत ठेवला.

“माणसाला घरी पोचवताना.”