पडद्याआडचा घास

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका. माझ्या आजीने ती तिच्या आजीकडून ऐकली होती, आणि हाच प्रश्न विचारून बोलणीही खाल्ली होती.

एका डोंगराच्या पायथ्याशी घोंगड्या विणणाऱ्यांचं गाव होतं. त्या गावात एका घराची मोठी ख्याती होती. त्या घरातलं माणूस म्हातारपणी अंथरुणाला खिळलं, तरी त्याची आबाळ होत नाही, असं लोक सांगत. थोरल्या सुनेने त्याला आपल्या हाताने भरवायचं, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. भरवायला एक पितळी पळी होती. ती थोरलीच्या कमरेला खोचलेली असायची. पळी जिच्या कमरेला, तिचा शब्द घरात शेवटचा. देवीच्या जत्रेत गावच्या बायका तिची ओटी सगळ्यांच्या आधी भरत.

रीतीचा आणखी एक भाग होता. भरवताना मध्ये घोंगडीचा पडदा टाकायचा. खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दृष्ट लागते म्हणून, असं सगळे म्हणत. दृष्ट लागावी असं त्या पेजेत काय होतं, हे मात्र कुणी विचारत नसे.

तर त्या घरातल्या सासूचं एके दिवशी उजवं अंग लुळं पडलं. वाचा गेली. डावा हात तेवढा हलायचा, पण तोही थरथरायचा. रीतीप्रमाणे थोरल्या सुनेने पळी हातात घेतली, आडव्या बांबूवर घोंगडी टाकली आणि सासूची सेवा सुरू केली. सेवा चोख होती. म्हातारीच्या अंगावर कधी मळ दिसला नाही की पाठीला जखम झाली नाही. गाव तिला डोक्यावर घेऊन नाचू लागलं.

धाकट्या सुनेच्या मात्र पोटात दुखू लागलं. म्हातारीच्या गोधड्या नदीवर नेऊन धुणारी धाकटी. पेज शिजवणारी धाकटी. आणि ओटी भरली जायची थोरलीची. मागावर बसली की तिच्या मनात एकच विचार यायचा, आपण या घरात थोड्या आधी का आलो नाही. जत्रेहून परतताना कुणी थोरलीचं कौतुक केलं, की ती मुद्दाम चार पावलं मागे राहायची. तोंड लपवायला तेवढी जागा पुरायची.

थोरलीही काही साधीभोळी नव्हती. सासूवर तिचं प्रेम होतं, खोटं कशाला बोलू. पण पळीवर थोडं जास्त होतं. धाकटी जवळ आली की ती पडदा नीट ओढून घ्यायची आणि म्हणायची, "तू जा गं. तुझा माग वाट बघतोय."

पडद्याच्या घोंगडीला कसर लागून एक भोक पडलं होतं. सगळं घर विणकरांचं, पण ते भोक काही कुणी सांधलं नाही. धाकटी रोज त्या भोकाला डोळा लावायची. थोरलीची एखादी चूक सापडावी, एवढीच तिची इच्छा होती. चूक सापडली नाही. दिसायचा तो सासूचा चेहरा आणि पळी धरलेला थोरलीचा उजवा हात. "यात आहे काय एवढं?" धाकटी मनात म्हणायची. "पळी भरायची आणि तोंडाला लावायची. हे तर मलाही येतं."

आणि तशी वेळ आलीच. थोरलीला हिवतापाने गाठलं. तिला उभंही राहवेना. तिच्या नवऱ्याने तिच्या कमरेची पळी काढली आणि धाकटीच्या हातात दिली. कसं भरवायचं, हे धाकटीने विचारलं नाही आणि थोरलीने सांगितलं नाही. विचारायचं तर कमीपणा, आणि सांगायचं तर पळी कायमची गेली.

धाकटीने पडदा ओढला. जे रोज पाहिलं होतं तेच केलं. एक पळी दिली, मग दुसरी, मग तिसरी. म्हातारीला ठसका लागला. डोळे पांढरे झाले, ओठ काळेनिळे पडले. धाकटीने घाबरून तिला कुशीवर वळवलं, पाठ थोपटली, तेव्हा कुठे श्वास परत आला. पण त्यानंतर म्हातारीने तोंड मिटलं ते मिटलंच. पळी दिसली की ती मान फिरवायची. सकाळची पेज तशीच राहिली, संध्याकाळचीही राहिली. दुसऱ्या दिवशी तिने पाणीसुद्धा घेतलं नाही.

थोरली पडवीत पडून सगळं ऐकत होती. आणि तापाने फणफणलेल्या तिला बरं वाटलं. 'आता कळेल सगळ्यांना, पळी कुणाच्या हातात शोभते ते,' असा विचार तिच्या मनात आला. म्हातारी भुकेली आहे, हा विचार त्याच्यामागून आला. मत्सराचं असंच असतं, पंगतीत तो नेहमी पुढचं पान घेऊन बसतो.

तिसऱ्या दिवशी बातमी ऐकून म्हातारीची धाकटी जाऊ काठी टेकत आली. गावाच्या दुसऱ्या टोकाला ती वेगळी राहायची आणि या घराचा उंबरा तिने कित्येक वर्षांत ओलांडला नव्हता. तिने पडदा पाहिला, न शिवलेली पेज पाहिली, आणि धाकटीच्या शेजारी खाली बसली.

"दृष्टीसाठी नाही गं हा पडदा," ती म्हातारीकडे बघत म्हणाली. "हा हिनं माझ्यासाठी टांगला होता."

"तुमच्यासाठी?" धाकटीने विचारलं.

"आमची सासू अशीच लुळी पडली होती. पळी हिच्या कमरेला. मी टक लावून बघायची, ते हिला खपलं नाही. मग मध्ये घोंगडी आली. पुढं ही बाळंतपणाला माहेरी गेली आणि पळी माझ्या हातात आली. घास सासूच्या गळ्यात अडकला. मग तिनंही असंच तोंड मिटलं. ही परत आली ती दहाव्यालाच. सगळ्यांनी मला बोल लावला, मी वेगळी निघाले. पण भरवायचं कसं ते हिनं तेव्हाही सांगितलं नाही. लोकांना सांगितलं, दृष्ट लागली."

अंथरुणावरच्या म्हातारीने हे सगळं ऐकलं. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. तिने थरथरता डावा हात वर केला, घोंगडीचं टोक मुठीत धरलं आणि ओढलं. जोर पुरेना. तिने पुन्हा ओढलं. घोंगडी बांबूवरून घसरली आणि खाली पडली.

दारात थोरली उभी होती. भिंतीला धरून ती पुढे आली आणि धाकटीच्या शेजारी बसली. तिने धाकटीचा डावा हात घेतला आणि त्याची दोन बोटं म्हातारीच्या गळ्यावर ठेवली.

"घास दिला की बोटं इथं ठेवायची," थोरली म्हणाली. "गळा वर सरकला की समजायचं, गिळलं. नाही सरकला तर थांबायचं. कितीही वेळ थांबायचं."

"डावा हात मला भोकातून कधी दिसलाच नव्हता, अक्का," धाकटी म्हणाली.

थोरलीची मान खाली गेली. "भोक ठाऊक होतं मला. म्हणूनच मी त्या अंगाला बसायची."

धाकटीने पळी भरून पुढे केली. म्हातारीने तोंड उघडलं नाही. तिने डाव्या हाताने पळीचा दांडा धरला. अर्धी पेज अंथरुणावर सांडली, पण तिने पळी सोडली नाही. ती पळी आपल्या जावेपुढे धरून राहिली.

जावेने काठी खाली ठेवली. पळी घेतली. दोन बोटं गळ्यावर ठेवली आणि एक घास दिला. सगळे वाट बघत राहिले. बोटांखाली गळा हलला, आणि म्हातारीने दुसऱ्या घासासाठी आपणहून तोंड उघडलं. तेव्हा ती जाऊ रडू लागली. कुणाच्या आठवणीने ते त्या दोघींना ठाऊक होतं.

त्या दिवसापासून पळी चुलीजवळच्या खुंटीला टांगली गेली. ज्याला सवड असेल तो ती घ्यायचा, मुलगेसुद्धा. पडद्याची घोंगडी म्हातारीच्या पायांवर पांघरली गेली, आणि त्या उबेत तिने पुढचे कितीतरी हिवाळे काढले. जत्रेत ओटी कुणाची आधी भरायची, यावर मात्र गाव अजून भांडतं आहे.

तात्पर्य: सेवेचा मान एकाच्याच कमरेला बांधला, की उपाशी राहायची पाळी म्हाताऱ्या माणसावर येते.