विहिरीच्या तळाचा शब्द

एका गावात, जिथे मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली येई, जनार्दन नावाचा एक लेखक राहत होता. त्याला लेखक म्हणणारा गावात तोच होता.

त्याच्याजवळ एक गोष्ट होती. एक मुलगी रोज विहिरीत हाक मारते आणि विहीर तिला ओ देते. एक दिवस विहीर ओ देत नाही. काय झाले ते पाहायला मुलगी खाली उतरते. हे उतरणे जनार्दनाने असे काही लिहिले होते की तेव्हापासून त्याला स्वतःविषयी आदर वाटू लागला होता. तो उतारा त्याने लग्नांत, बारशांत आणि एकदा तेराव्यालाही म्हणून दाखवला होता. लोक ऐकून घेत आणि पाने कधी मांडणार ते विचारत.

जनार्दनाने ठरवले, या गोष्टीची चित्रकथा करायची आणि कोणा प्रकाशकाच्या दारात न जाता इंटरनेटवर टाकायची. दारात न येण्याविषयी प्रकाशकांनीही त्याला पूर्वीच सुचवले होते.

तो माणसे जमवायला निघाला. तालुक्याच्या कॉलेजात चित्रकला शिकवणाऱ्या रेहाना मुजावर यांनी गोष्ट ऐकली आणि त्या हो म्हणाल्या. उतारा ऐकण्याआधीच म्हणाल्या, याचे त्याला जरा वाईट वाटले. रंग भरायला आणि अक्षरे बसवायला त्याने मेहुण्याला, एकनाथला, घेतले. त्याचे काम पाहून नव्हे. बायको समोर उभी होती म्हणून.

चित्र तयार झाले तेव्हा तिघे टाकीखाली जमले.

"दाजी, तुमचा उतारा बसवू कुठं?" एकनाथ म्हणाला. "दगडावर बसवला तर दगड जातोय. अंधारावर बसवला तर अंधार."

"विहिरीला दगड पुष्कळ असतात," जनार्दन म्हणाला.

रेहानाबाई शांतपणे म्हणाल्या, "जनार्दनभाऊ, गोष्ट तुमची आहे. शब्द ठेवा. चित्र मी परत नेते. भांडण नाही."

चित्र गेले तर चित्रकथा गेली, एवढे जनार्दनालाही कळत होते. पण उतारा गेला तर लेखक गेला. त्याने तोड काढली. "मी वाचतो, एकनाथ चित्र सरकवेल. दोन्ही एकत्र कसं शोभतं ते बघाच तुम्ही."

एकनाथने मोबाइल समोर धरला. जनार्दन खणखणीत आवाजात वाचू लागला.

चौकटी नव्हत्याच. सबंध विहीर हे एकच लांब चित्र होते. अंगठा फिरला आणि काठ वर गेला. दोरांनी खाचा पाडलेले दगड आले. कपारीत पारवे आले. एक जागा, बाकीचे निजलेले. उंबराची मुळे आली. मुलगी लहान लहान होत चालली. एकनाथने भरलेला काळा रंग एक नव्हता. शेवाळी काळा होता, ओला काळा होता, आणि त्याखाली असा काळा होता की त्याला गारवा होता. जनार्दनाने नकळत टाकीचा खांब धरला. मग त्याच्या ध्यानात आले, आपण वाचायचे केव्हाच थांबलो आहोत.

अंगठा चालतच होता. आता नुसती खोली होती. ही विहीर आपण लिहिली, असे तो गावभर सांगत फिरला होता. तिच्या काठावर तो आज पहिल्यांदा उभा राहिला होता.

सर्वांत खाली पाणी आले. पाण्यात बोराएवढे आभाळ.

खांब सोडून जनार्दन म्हणाला, "एकनाथ, सगळं काढ. एक शब्द ठेव."

"कुठला, दाजी?"

"ओ. तळाशी. बारीक अक्षरात."

रेहानाबाईंनी चित्राकडे पुन्हा पाहिले. "एवढंच राहिलं होतं," त्या म्हणाल्या.

चित्रकथा निघाली. संध्याकाळी टाकीखाली माणसे जमू लागली. अंगठे सरकत आणि गप्पा विरत जात. मग तळाशी पोचलेला कोणी तरी हळूच म्हणे, "ओ." त्याच्यामागून दुसरा म्हणे. पाने कधी मांडणार, असे कोणी विचारीना. जनार्दन खांबाला टेकून ऐकत राही. त्याचे लिहिलेले लोकांच्या तोंडी बसण्याची ही पहिलीच वेळ होती.

तात्पर्य: सोबतीला चांगली माणसे घ्यावीत, आणि ती खरोखरच चांगली निघाली, तर आपण थोडे सरकून त्यांना जागा द्यावी.