दहिवराचं भय

“आणि पुन्हा दहिवर गोठलं तर, बाबा?”

धुंडीनाथबाबा धुनीपाशी बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

रेवजी त्यांचा शिष्य. सातपुड्याच्या त्या उंच पठारावर मठाचं शेत तोच बघायचा. डांगराच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, बियांचं गाडगं त्यानं पोटाशी धरलं होतं, कुणी हिसकावून नेईल असं.

मागल्या साली माघात ऊन जरा तापलं, तसं त्यानं घाईनं बी टोचलं होतं. वेल हातभर झाले. मग एका पहाटे सगळं पठार मीठ सांडल्यासारखं पांढरं पडलं. उन्हं चढली तेव्हा वेल उकडल्यासारखे काळे पडून लोळत होते.

खालच्या पाड्याचा उन्हाळा मठाच्या डांगरांवर निघायचा. त्या साली पोरं रानातले कंद उकरत हिंडली. रेवजीला कुणी एका शब्दानं बोललं नाही... तेच त्याला खात होतं.

“माघ सरला,” बाबा म्हणाले.

“पहाटे अजून बोटं बधिर होतात.”

“झरा आटत चाललाय. आता उशीर केलास, तर फळ धरायच्या वेळी पाणी कुठलं?”

“कळतंय, बाबा. पण बी उरलंय ते एवढंच. हे जळालं, तर...”

“मग टोचणार कधी?”

“भीती गेली की.”

बाबांनी गाडग्यात हात घातला. चिमूटभर बिया काढल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या.

बिया तडतडल्या. बाबांनी काडीनं एक बाहेर ओढली, टरफल काढलं आणि तोंडात टाकली.

“बाबा! बियाणं होतं ते!”

“हो. आता त्याला दहिवराचं भय नाही.”

रेवजी गाडगं घेऊन उठला आणि शेताकडे गेला. एकेक बी टोचताना तो आभाळाकडे बघत होता, पण त्यानं गाडगं रिकामं केलं.

रोपं वर आली. जाड, हिरवी पानं उघडली.

आणि एका संध्याकाळी वारा एकाएकी पडला. आभाळात ढगाचा ठिपका नाही. तोंडातून वाफ निघू लागली. दहिवर गोठायचीच ही लक्षणं. रेवजी तसाच अनवाणी शेताकडे पळत सुटला.

बाबा आधीच तिथं होते. गुडघे टेकून एकेका रोपावर वाळलं गवत पसरत होते. हात थरथरत होते.

गारठ्यानं असेल, असं रेवजीला वाटलं. जवळ गेला, तर एवढ्या थंडीत म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम.

“बाबा... तुम्हीसुद्धा भ्यालात?”

“फार,” बाबा म्हणाले. “गवत आण.”